अप्पुण्णीचा उजवा डोळा

सकाळी जाग आल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो? डोळे उघडतो. एवढंसुद्धा ज्याला झेपेना, त्या माणसाची ही हकिगत. ती मी सांगतोय, कारण दुसरं कोण सांगणार? त्याला कुणी नव्हतंच.

मी विट्याकडचा. सोनं-चांदी गाळायचा धंदा. एकोणिसाव्या वर्षी चुलत्याचं बोट धरून इकडं ओट्टप्पालमला आलो, त्याला बत्तीस वर्षं झाली. इकडं आम्हा गलाईवाल्यांना सरसकट शेठ म्हणतात. खिशात काय आहे ते न बघताच म्हणतात, तो भाग वेगळा. खाली दुकान, वर आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आणि भिंतीला भिंत लागून एक खोली. त्या खोलीत अप्पुण्णी राहायचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, म्हणून मी आणि माझी बायको शालन त्याला एट्टा म्हणायचो. एट्टा म्हणजे दादा.

त्याचं काम चुट्टीचं. कथकळीतल्या राजाच्या हिरव्या तोंडाभोवती, जबड्याला धरून, एक पांढरीशुभ्र रुंद पाळ असते, ती चुट्टी. नट जमिनीवर उताणा पडतो. चुट्टीवाला त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसतो, वरून वाकतो आणि तांदळाच्या पिठात चुना कालवून काडीनं थरावर थर देत जातो. मग त्यात जाड पांढरा कागद कापून बसवायचा. दोन-अडीच तासांचं काम. तोवर नट झोपून जातो, काही तर घोरतात. अप्पुण्णीनं चाळीस वर्षं झोपलेल्या माणसांच्या तोंडावर वाकून काढली. कुणाच्या गालाला खळगा आहे, कुणाचा जबडा एका बाजूला बसलाय, सगळं पाठ. नट उठला की आरशात बघणार, रंग चढवणार, मुकुट घालणार, की झाला राजा. हा मागं वाट्या घासत बसणार.

लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "रात्रभर बाहेर असणाऱ्या माणसाला कोण पोरगी देतो, शेठ? आणि दिली असती तर दिवसा झोपणाऱ्या माणसाशी तिनं बोलायचं कधी?" बहीण शोरणूरला होती. तिच्याकडं ओणमला जायचा, जेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा.

तर दोन वर्षांपूर्वी ओणमच्या आधी तो खोलीत बसून हंगामाचे कागद कापत होता. कात्रीतून एक वाकडा तुकडा सटकन उडाला आणि त्याची कड उजव्या डोळ्यावरून ओढली गेली. सरकारी दवाखान्यात पट्टी बांधली, चार दिवसांत डोळा स्वच्छ. कागदानं डोळा कापला म्हणून कुणी रडत बसतं का? विसरून गेला. आम्हीही विसरलो.

दोन महिन्यांनी एका सकाळी भिंतीपलीकडून अशी किंकाळी आली की शालनच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. मी धावलो. हा अंथरुणावर बसलेला, दोन्ही तळहात उजव्या डोळ्यावर, पुढं-मागं झुलतोय.

"काय झालं एट्टा?"

"डोळा उघडला."

"मग?"

"उघडला म्हणूनच तर झालं!"

मला वाटलं स्वप्न पडलं असेल. दुपारपर्यंत दुखणं थांबलं. आठ दिवसांनी पुन्हा तसंच. मग चार दिवसांनी. झोपेत बरा असायचा, दिवसभर बरा असायचा, आणि सकाळी पापणी वर गेली की आत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. डोळा लालभडक, पाणी खळत नाही, उजेड सहन होत नाही.

आता शहाण्या माणसानं डॉक्टर गाठला असता. पण हा पडला कथकळीतला माणूस. त्या लोकांच्यात रंगमंचावर जायच्या आधी एका रानफुलाचं इवलंसं बी चोळून पापणीखाली ठेवतात, मुद्दाम डोळे लाल व्हावेत म्हणून. हिरव्या तोंडावर लाल डोळे शोभून दिसतात. सकाळपर्यंत उतरतात. त्यामुळं हा तसला डोळा घेऊन गेला की रंगपटात सगळे खो खो हसायचे, "काय अप्पुण्णी, आज तूच राजा का?" आणि ह्यालाही वाटायचं, लाल डोळा म्हणजे काही रोग नव्हे, उतरेल. त्यात दोन महिने गेले.

उपाय मात्र सगळ्यांनी सांगितले. कुणी तगरीच्या फुलांचा रस, कुणी बाळंतिणीचं दूध. मंडळीतल्या एका जुन्या नटानं सांगितलं, पहाटे डोळ्यात तूप घाल, आम्ही शिकताना घालायचो. यानं घातलं. शालन कडाडली, "डोळा आहे का निरांजन? तूप कसलं घालताय!" त्यावर हसला बिचारा. त्याच्याशी रागानं बोलणारं तरी दुसरं कोण होतं?

मग त्यानं स्वतःचं डोकं चालवलं. डोळा मिटला तरच उघडताना फाटतो ना? मग मिटायचाच नाही! जागणं तर कथकळीवाल्यांच्या रक्तातच, खेळ रात्रभर चालतो. हंगाम सुरू झाला होता. मिळेल ती सुपारी घ्यायला लागला. आज पालक्काड, उद्या त्रिशूर, परवा आणखी कुठं. रात्रभर जागायचं, दिवसा एसटीत ताठ बसायचं. पण झोप ती झोप. ती काय याच्या बापाची नोकर? एकदा भर दुपारी बसमध्ये डोळा लागला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, यानं दचकून डोळे उघडले आणि किंचाळला. डोळ्यातून धारा. मागून कुणीतरी ओरडलं, "डोळे आलेत त्याचे! लांब बसा, साथ आहे!" शेजारचा माणूस उठून गेला. पुढचे दोघं उठले. ओट्टप्पालमपर्यंत तो तीन माणसांच्या बाकावर एकटा बसून आला. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा दुखण्याचं काहीच बोलला नाही. बाकाचंच बोलला.

"बाक रिकामं होतं शेठ, आणि लोक उभे होते."

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि त्याला त्रिशूरला डोळ्यांच्या दवाखान्यात ओढत नेलं.

डॉक्टरीणबाई शेर्ली नावाच्या. फटकळ पण समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, "बुबुळावर एक पातळ पापुद्रा असतो. कागदानं तो खरवडला गेला. नवा आला, पण खाली नीट धरला नाही. रात्री पापणी त्याला चिकटते. सकाळी तुम्ही डोळा उघडता, पापणी पापुद्रा घेऊनच वर जाते."

अप्पुण्णी लगेच म्हणाला, "खालचा थर वाळायच्या आत वरचा दिला."

"अगदी तसंच. तुम्ही काय रंगकाम करता?"

"तोंडं रंगवतो," तो म्हणाला.

मग उपायांचं निघालं. सगळ्यात सोपं म्हणजे दिवसा थेंब, रात्री झोपताना खारं मलम, सहा महिने, वर्षभर, कंटाळा न करता. त्यानं बऱ्याच जणांचं भागतं, सगळ्यांचं नाही. दुसरं, पट्टीसारखी एक मऊ काच डोळ्यावर काही आठवडे बसवून ठेवायची, खाली पापुद्रा धरू द्यायचा. पण तेवढे दिवस चुना, पीठ, दिव्याचा धूर, काही जवळ चालणार नाही. तिसरं, बारीक सुईनं टोचे मारायचे, म्हणजे तिथं तिथं पापुद्रा खाली घट्ट धरतो. लवकर आटपतं. पण याची जखम बुबुळाच्या जवळजवळ मधोमध होती. टोच्यांचे बारीक डाग राहिले तर दिव्याचा उजेड फाकून दिसणार. आणि चौथं, सैल पापुद्रा सगळाच खरडून काढायचा, खालचं यंत्रानं गुळगुळीत करायचं आणि नवा येऊ द्यायचा. चार-पाच दिवस भयंकर दुखणार, कित्येक आठवडे अंधुक दिसणार.

"हमी?" मी विचारलं.

"हमी देवसुद्धा देत नाही. पण तुमच्यासाठी मला शेवटचंच बरं वाटतं. घरी कोण असतं?"

अप्पुण्णी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडं बघत राहिला. "बघतो कुणीतरी," म्हणाला.

परतीच्या बसमध्ये मी चिडलो. "बघतो काय बघतो? आम्ही मेलोय का?"

"शेजाऱ्याला शेजाऱ्याएवढंच सांगावं, शेठ. आणि आत्ता नाही जमणार. कुंभ महिन्यात, शिवरात्रीच्या सुमाराला, किळक्केक्काव देवळाचा उत्सव आहे."

मग आलं बाहेर. त्या उत्सवात परमेश्वरन आशान राजा व्हायचे. आशान म्हणजे गुरुजी, मोठ्या नटाला तसंच म्हणतात. एकतीस वर्षं त्या दिवशी त्यांची चुट्टी अप्पुण्णीनंच केली होती. तसा तो वर्षभर सगळ्यांचीच करायचा, पण आशान दुसऱ्या कुणाच्या हाताखाली झोपतच नसत. ठिकाण कुठलंही असो, आधी निरोप यायचा, अप्पुण्णी आहे ना?

"दोन महिने डोळा बांधून बसलो तर दुसरा कुणी करील. आणि एकदा दुसऱ्याचा हात लागला की संपलं."

"संपलं तर संपलं! डोळा मोठा का आशान मोठा?"

त्यानं फडक्यानं डोळा टिपला. मग म्हणाला, "माझ्या ओळखीचं तेवढं एकच तोंड आहे, शेठ."

उतरल्या उतरल्या मी स्टँडजवळच्या दुकानातून थेंब आणि मलम घेतलं.

मग थेंब आणि मलम सुरू झालं. शिस्तीचा माणूस. गजराचं घड्याळ शालनला देऊन टाकलं, कारण गजर झाला की डोळे टक्कन उघडतात. सकाळी शालन भिंतीवर हळूच दोन टिचक्या मारायची आणि म्हणायची, "एट्टा, सकाळ झाली. डोळे उघडू नका." तो पडल्या पडल्या थेंब सोडायचा, मिटल्या पापण्यांखाली बुबुळ हळूहळू फिरवायचा, पंधरा मिनिटांनी बोटानं पापणी उचलायचा. मग पलीकडून एक टिचकी यायची, म्हणजे उघडला. त्या दिवसांत आमच्या घरात त्या टिचकीच्या आधी कुणी चहा पीत नव्हतं. पंधरा-पंधरा दिवस बरे जायला लागले. मला वाटलं, निघेल उत्सव.

उत्सवाच्या आदल्या रात्री त्याचं दुसरीकडं काम होतं. सकाळी तो थेट देवळात गेला आणि जेवणाच्या मांडवामागं जरा आडवा झाला. आणि दुपारी देवळासमोर उखळी बार उडाला. जत्रेच्या देवळात निजायचं आणि बारूद विसरायची! झोपेतून उडालाच तो. डोळा असा फाटला की आजवर तसा फाटला नव्हता.

मी आणि शालन संध्याकाळी पोचलो. रंगपटात बघतो तर हा ओल्या फडक्यानं उजवा डोळा बांधून पीठ कालवतोय. डाव्यातूनही पाणी चाललेलं. आशान आधीच चटईवर उताणे पडले होते, डोळे मिटून. त्यांना काही ठाऊक असेल असं वाटत नव्हतं.

"एट्टा, सांगा त्यांना," मी कानात म्हणालो.

"शेठ, एक तर गप्प बसा, नाहीतर बाहेर जा."

गप्प बसलो. अडीच तास त्या माणसानं एका डोळ्यानं काम केलं. एका डोळ्याला उंची कळत नाही, ते मला त्या दिवशी समजलं. काडी गालाला टेकली का वरच आहे, ते तो करंगळीनं चाचपून बघायचा. डावी बाजू चांगली उतरली. उजवीकडं मात्र थर जाड झाला, कागद बसवताना पाळ खाली कलली. मला, म्हणजे ज्याला कथकळीतलं ओ की ठो कळत नाही त्याला, दिसलं. त्याला बोटांनी कळलं. चेहरा उतरला त्याचा.

"आशान, उजव्या बाजूला बिघडलंय. अर्धा तास द्या, काढून परत करतो."

बाहेर मद्दळ वाजायला लागलं होतं. आशान उठून बसले. हात लांब करून आरसा घेतला. डावा गाल बघितला, उजवा गाल बघितला. अप्पुण्णीच्या फडक्याकडं त्यांनी पाहिलंच नाही.

"छान झालंय," ते म्हणाले. "नेहमीसारखंच." आणि हिरव्या रंगाची वाटी पुढं ओढली.

अप्पुण्णी खेळ बघायला आला नाही. मागं फडकं टाकून पडून राहिला. मी समोर बसलो. माझ्या एका बाजूला शालन पेंगत होती, दुसऱ्या बाजूला कुरूप मास्तर, आमच्याकडचे रिटायर झालेले शाळामास्तर आणि कथकळीचे मोठे दर्दी. ते सारखे चुकचुकत होते. "आशान आज असा तिरका का उभा राहतोय?" मी म्हटलं, असेल काहीतरी शास्त्र.

त्यानंतर अप्पुण्णीनं अंथरूण धरलं. मलम नाही, थेंब नाही. शालन टिचक्या मारायची, उत्तर यायचं नाही. मी जाऊन बसलो तर भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "त्यांनी बघितलंच नाही. आरसा हातात घेऊन बघितलं नाही. एवढी वाकडी पाळ, आणि नेहमीसारखंच म्हणे! म्हणजे एकतीस वर्षं कधीच बघितलं नव्हतं ना त्यांनी? मी उगाच मरत होतो, शेठ. केसाएवढं इकडंतिकडं झालं तर काढून परत करायचो. कुणासाठी?"

"अहो, घाईत असतील."

"कुणीही असतं तरी चाललं असतं," तो म्हणाला. "पिठाचा हात असला की झालं."

मला त्याचा फार कळवळा आला. आठ-दहा दिवस असे गेले. दोनदा डोळा फाटला, पण किंचाळला नाही. नुसता कण्हण्याचा आवाज यायचा.

मग एक दिवस कुरूप मास्तर दुकानात आले, जुनी कर्णफुलं गाळायला घेऊन. मूस भट्टीवर चढवली आणि मास्तरांची टकळी सुरू झाली.

"परमेश्वरन आशान संपला हो शेठ. त्या दिवशी बघितलंत ना? मान उजवीकडं वळवून धरली ती धरलीच. डावीकडं वळतच नाही, लाकूड झालंय. वय दुसरं काय! दोन देवळांच्या समित्यांनी पुढच्या वर्षीच्या यादीतून नाव काढलं. तिसरी काढतेय."

मी मान डोलावली. मग माझा हात थांबला. मान उजवीकडं म्हणजे लोकांसमोर डावा गाल.

"मास्तर, त्या रात्री तुम्हाला आशानचा उजवा गाल दिसला का हो?"

"छे! तेच तर म्हणतोय."

"एकदाही?"

"एकदाही नाही. सबंध रात्र."

मी चिमटा टाकला आणि जिना चढलो. मास्तर खालून "अहो शेठ, माझं सोनं!" म्हणून ओरडत राहिले. ओरडू देत.

अप्पुण्णीला सांगितलं, तसा तो उठून बसला. आधी विश्वासच ठेवीना. दोन-तीनदा सांगायला लावलं, मास्तर काय म्हणाले, नेमकं कसं म्हणाले. मग त्याचं तोंड असं उजळलं की मी तसं कधी बघितलं नव्हतं. "म्हणजे बघितलं त्यांनी," म्हणाला. "बघितलं होतं!" क्षणभरच. मग विचारलं, "किती समित्यांनी नाव काढलं?"

"दोन. तिसरी काढतेय."

"माझा डोळा त्यांच्या मानेवर गेला, शेठ."

"मग चला ना आत्ता, आशानकडं जाऊ. समितीला सांगू."

"काय सांगू? माझ्या चुकीनं झालं म्हणून? त्यांनी जे रात्रभर झाकलं, ते मी चार माणसांत उघडं करू? आणि गेलो तर उद्या त्यांचं तोंड करून देता आलं पाहिजे. या डोळ्यानं काय करू? आधी डोळा."

मला तेव्हा ते पटलं. आता वाटतं, हात धरून ओढत न्यायला हवं होतं. माझंही चुकलं. पण आशाननं जे झाकलं ते उघडं करणारा मी सोनं गाळणारा कोण?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं समोर मांडलं. सुईनं केलं तर विषूच्या सणाच्या, म्हणजे एप्रिलच्या मध्याच्या सुमारास कामावर जाता येईल, हंगामाचं शेपूट तरी सापडेल. मी म्हटलं, सुईच घ्या. अप्पुण्णी म्हणाला, "मला पांढऱ्यावर पांढरं बघावं लागतं. दिव्याच्या उजेडात पाळीची कड फाटून दिसली तर काय उपयोग? हंगाम जाऊ दे. खरडा."

फॉर्मवर रुग्णासोबतच्या माणसाचं नातं लिहायचं होतं. मी लिहिलं, भाऊ. त्यानं विचारलं, "काय लिहिलंत?" सांगितलं. तर म्हणाला, "दवाखान्याच्या कागदावर खोटं लिहू नये, शेठ." मी म्हटलं, "लिहिणारा मी, पाप मला."

पाच दिवस आमच्याकडं ठेवला. दुखणं असं की जवान माणूस भिंतीवर डोकं आपटेल. शालन तासातासाला थेंब घालायची, तोंडानं त्याला बडबडत, "हलू नका, लहान आहात का? वर बघा." तो निमूट वर बघायचा. सहाव्या दिवशी आपल्या खोलीत गेला. आम्ही नको नको म्हणालो, तरी गेलाच. आमच्या जत्रेला आम्ही त्या वर्षी गावी गेलो नाही. त्याला कारण दुसरंच सांगितलं.

कित्येक आठवडे त्याला सगळं धुरकट दिसलं. मग हळूहळू निवळत गेलं. कर्कटक महिन्यात, धो धो पावसात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पापुद्रा धरला. मलम अजून काही महिने सोडू नका, पण काम करा." तीन महिन्यांत एकदाही सकाळी दुखलं नव्हतं.

त्या रात्री त्यानं कागद कापायला बसायच्या आधी माझ्याकडून चष्मा मागून घेतला, डोळ्याला आड म्हणून. सकाळी दारात उभा. धुतलेलं मुंडू नेसून, हातात पिशवी. "आशानकडं जायचंय. तुम्ही याल का बरोबर?" पिशवीत आशानच्या जबड्याच्या मापाचे कागद होते. माप मनातलंच.

आशान ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते, अंगभर तेल. कर्कटकात तेलाचे उपचार करतातच. आम्हाला बघून खूष झाले. मला ओळखलं नाही, पण "बस बस" म्हणाले.

"डोळा बरा झाला म्हणे रे?"

"झाला, आशान. पुढच्या हंगामाला..."

"हंगाम?" ते हसले. "मी सोडलं. मंडळींना कळवलंय. मान गेली माझी. दोन वर्षं झाली धरून. तेल चाललंय, पण आता काय त्याचं?"

"आशान, कुंभातली चुट्टी. उजवी बाजू..."

"ती? छान होती की. आरशात बघितली मी."

"वाकडी होती आशान."

"मला नाही दिसली."

"आणि तुमची मान..."

"सांगितलं ना, दोन वर्षं झाली! तू सदा माझ्या तोंडाकडं बघणार. मानेकडं कधी बघितलंस?" आवाज चढला होता. अप्पुण्णी खाली बघायला लागला. पिशवीची गाठ सोडत होता ती तशीच राहिली.

तेवढ्यात डावीकडच्या दारातून त्यांची नात आली, पाचेक वर्षांची, दोन्ही हातांत कॉफीचा पेला धरून, जिभेचं टोक बाहेर काढून. "आजोबा!" म्हणाली. आशानची मान सरळ डावीकडं वळली, पार खांद्यापर्यंत, अगदी सहज. "हळू गं," म्हणाले, "सांडशील."

मग ते थांबले. मी त्यांच्याकडं बघत होतो. अप्पुण्णीही बघत होता, दोन्ही डोळ्यांनी. आशाननं मान हळूहळू परत आणली, तशीच पुढं उजवीकडं नेली आणि तिथं धरून ठेवली.

"धरते," ते म्हणाले. "अधूनमधून."

"हो, आशान," अप्पुण्णी म्हणाला.

आम्ही कॉफी प्यायलो. पोरीनं पिशवीत काय आहे विचारलं, त्यानं एक कागद काढून तिला दिला. निघताना तो आशानच्या पाया पडला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तोंड तसंच दुसरीकडं धरून.

स्टॉपवर पाऊस होता. एका छत्रीत दोघं उभे राहिलो. तो रडत होता आणि पुसतही नव्हता.

"शेठ," म्हणाला, "मी आता कुणाचं तोंड करू?"

मंडळीत नट काय कमी होते? वीस तरी होते. पण मी ते बोललो नाही. बस आली, आम्ही चढलो.